एकीच्या घोषणा पुरे, आता सभेची पद्धत हवी!

आंबेडकरी वस्ती कोणतीही घ्या, तिथे तीन गोष्टी हमखास सापडतात. बाबासाहेबांचा फोटो, तथागतांची मूर्ती आणि दोन कमिट्या! एक कमिटी जुनी, दुसरी तिच्यातून फुटलेली. दोघींची पावती पुस्तके वेगळी, बॅनर वेगळे, जयंतीच्या मिरवणुका वेगळ्या. वर्गणी देणारा उपासक मात्र एकच. त्याच्या दारावरची बेल दोनदा वाजते. काही ठिकाणी तिसरी कमिटीही जन्माला येते आणि तिचे नाव असते ‘एकता मंडळ’! वाचकांना हसू येईल. पण हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंच्या संख्येने एका मैदानावर, एका आवाजात धम्म स्वीकारला, त्या समाजातली पंधरा माणसे एका खोलीत दोन तास बसून एक ठराव का करू शकत नाहीत? आजच्या घडीला आम्हाला हा प्रश्न अत्यंत गंभीर वाटतो.

आम्ही जुईनगरमध्ये राहतो. हार्बर मार्गावर सानपाडा सुटले की नेरूळच्या आधी आमचे स्टेशन. ठाण्याहून तुर्भेमार्गे येणारी गाडीही इथेच हार्बरला येऊन मिळते. इथे रेल्वेची कॉलनी आहे, सिडकोने वसवलेल्या सोसायट्या आहेत, शेजारी शिरवण्यासारखी जुनी गावे आहेत. नवी मुंबईच्या अशा नोडमधला आपला समाज एका गावचा नाही. कोणी रत्नागिरी-रायगडचा, कोणी सातारा-सांगलीचा, कोणी मराठवाड्यातला, कोणी विदर्भातला. कोणी वरळी-परळच्या चाळीतून इथे आला, कोणी चेंबूर-गोवंडीतून. कोकणातला माणूस बौद्धजन पंचायत समितीच्या शाखा आणि गटांची शिस्त घेऊन येतो. मराठवाड्यातला माणूस नामांतराच्या लढ्याची आठवण घेऊन येतो. नागपूरकडच्या माणसाला दीक्षाभूमीचा अभिमान असतो. रेल्वेतला माणूस युनियनचा अनुभव घेऊन येतो. एवढी शिदोरी एका कमिटीत जमा होते, तेव्हा ती कमिटी किती समृद्ध व्हायला हवी! प्रत्यक्षात काय होते? हॉल कोणाच्या नावावर, वर्गणीचा हिशेब कोणाकडे, बॅनरवर कोणाचा फोटो मोठा, मेणबत्ती आधी कोण लावणार, वक्ता कोणत्या गटाचा बोलवायचा, यावरून दोन वर्षांत तुकडे पडतात. हे आम्ही कोणा एका कमिटीवर बोट ठेवण्यासाठी लिहीत नाही. जुईनगरच्या जागी ऐरोली लिहा, उल्हासनगर लिहा, नांदेड लिहा. चित्र फारसे बदलत नाही.

यावर आपल्यातच एक उत्तर तयार असते. ‘आपले लोक म्हणजे टोपलीतले खेकडे, एक वर चढला की दुसरा पाय ओढतो.’ हे वाक्य आम्ही लग्नात ऐकले आहे, शोकसभेत ऐकले आहे, स्टेजवरून ऐकले आहे. पण याने कारण सापडत नाही. ही शिवी आहे! ज्यांनी आपल्याला शतकानुशतके नालायक ठरवले, त्यांचेच म्हणणे आपण आपल्या तोंडाने पुढे चालवतो. आणि ते खोटेही आहे.

खोटे कसे, ते जुईनगरमध्येच पाहा. विहारात ज्या काकांचे कोणाशी पटत नाही, तेच काका सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून वर्षानुवर्षे व्यवस्थित काम करतात. कारण सोसायटीला कायदा आहे. नोटीस बोर्डावर लागते, विषयपत्रिका असते, इतिवृत्त असते, वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. विहारात ज्या ताईंना कोणी बोलू देत नाही, त्याच ताई बचत गट चालवतात. दहा ते वीस बायकांचा गट. नियमित बैठक, नियमित बचत, गटांतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब ही त्यांची पंचसूत्री. रक्कम सर्वांसमोर मोजली जाते, वहीत तिथल्या तिथे लिहिली जाते. भांडणे तिथेही होतात. पण गट टिकतो. माणसे तीच, स्वभाव तेच, मग एका ठिकाणी काम जमते आणि दुसऱ्या ठिकाणी का मोडते? जिथे पद्धत आहे तिथे जमते. जिथे फक्त भावना आहे तिथे मोडते. आम्हाला आज सांगायचे आहे ते एवढेच. एकी हा रक्तातला गुण नाही. एकी ही सभा चालवण्याची पद्धत आहे आणि ती शिकता येते.

ही पद्धत आपण कोठून आणायची? कोणाकडे उसनी मागायची गरज नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी जगाला आठवण करून दिली, की भारताला संसदीय कामकाज नवीन नव्हते. भिक्खू संघांच्या सभांमध्ये बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव, एकदा निकाल लागलेला विषय पुन्हा न उकरण्याचा दंडक, हे सगळे होते. हे भाषण आपण दर २६ नोव्हेंबरला वाचतो. त्यातले व्यक्तिपूजेबद्दलचे इशारे आपल्याला पाठ आहेत. पण भिक्खू संघाच्या सभेचे नियम नेमके कसे होते, हे आपल्या किती कमिट्यांनी वाचले आहे? पंचशील, त्रिशरण आपण म्हणतो. संघाला शरण जातो. त्या संघाचा कारभार कसा चालायचा हे मात्र पाहत नाही.

विनयपिटकात हे सारे आहे. संघापुढे विषय आला की आधी ‘ञत्ति’ मांडायची, म्हणजे प्रस्ताव. महत्त्वाचा विषय असेल तर प्रस्तावानंतर तो ठराव तीन वेळा वाचायचा. ज्याला मान्य आहे त्याने गप्प राहावे, ज्याला मान्य नाही त्याने बोलावे. तीन वेळा विचारूनही कोणी बोलला नाही, तर ठराव मंजूर. किती साधी गोष्ट! आपल्या सभेत अध्यक्ष म्हणतात, ‘सर्वांना मान्य आहे ना? चला पुढे.’ पाठीमागे बसलेल्याला विषयही कळलेला नसतो. तो बाहेर चहाच्या टपरीवर बोलतो. तिथूनच दुसऱ्या कमिटीची सुरुवात होते.

गणपूर्तीचे नियम होते. साध्या कामाला किमान चार भिक्खू, पवारणेला पाच, मध्य देशात उपसंपदेला दहा. आजारी भिक्खूने आपली संमती दुसऱ्याकडून कळवायची. म्हणजे आपण नव्हतो म्हणून निर्णय मान्य नाही, असे पुढे कोणी म्हणू नये. सभेत विषय चालू असताना संमती न देता उठून निघून जाणे हा दोष मानला गेला. आधी संमती देऊन नंतर कुरकुर करणे हाही दोष. योग्य रीतीने मिटलेला वाद जाणूनबुजून पुन्हा उकरून काढणे हाही दोष. हे तिन्ही दोष पातिमोक्षात पाचित्तिय नियमांमध्ये नोंदवलेले आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना सभात्याग, चहाच्या टपरीवरचे राजकारण आणि जुने उकरणे हे तिन्ही रोग ठाऊक होते! त्यांनी ‘आपले लोक खेकडे’ म्हणून हात झटकले नाहीत. त्यांनी नियम केले.

मतदानाचेही तसेच. मते घेण्यासाठी शलाका म्हणजे काड्या वाटल्या जायच्या. त्या वाटणारा भिक्खू संघाने निवडायचा. तो कसा हवा? पक्षपात न करणारा, द्वेष न करणारा, मूढ नसलेला, न भिणारा आणि कोणाचे मत घेतले, कोणाचे राहिले हे ज्याला नीट ठाऊक असते असा. गुप्त मतदान, उघड मतदान आणि कानात सांगून मत घेणे, असे तीन प्रकार होते. पण त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे मत कधी घेऊ नये हेही सांगितले आहे. विषय क्षुल्लक असेल तर मत घेऊ नये. नीट चर्चा झाली नसेल तर मत घेऊ नये. मत घेतल्याने संघ फुटणार असेल तरी मत घेऊ नये. बहुमत हे शेवटचे साधन आहे, पहिले नव्हे. आपल्याकडे नेमके उलटे होते. आठ विरुद्ध सात अशी मते पडतात, आठ जण जिंकल्याच्या आनंदात फटाके वाजवतात आणि सात जण वेगळे पावती पुस्तक छापायला देतात.

चर्चा लांबतच चालली, कोणी कोणाचे ऐकेना, तर काय करायचे? त्यासाठी ‘उब्बाहिका’, म्हणजे निवडक जाणत्या भिक्खूंची समिती. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत हेच झाले. दहा गोष्टींवरून पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे भिक्खू एकमेकांसमोर उभे होते. तेव्हा पूर्वेकडचे चार आणि पश्चिमेकडचे चार अशा आठ जणांची समिती नेमली गेली. दोन्ही बाजूंचे सारखे! आपल्याकडे वाद मिटवायला कोणाला बोलावतात? नगरसेवकाला, नाहीतर पक्षाच्या जिल्हाध्यक्षाला. तो आपली माणसे कोणत्या बाजूला जास्त आहेत हे आधी मोजतो. वाद मिटत नाहीच, उलट वस्तीतल्या वादाला पक्षाचा रंग चढतो.

वाद मिटवण्याचे सात मार्ग विनयात आहेत. त्यांना अधिकरणशमथ म्हणतात. त्यातला पहिला ‘सम्मुखविनय’. ज्याच्यावर आरोप आहे तो समोर हवा, संघ समोर हवा, धम्म आणि विनय समोर हवा. पाठीमागे निकाल नाही. आज मोबाईलच्या ग्रुपवर रात्री अकरा वाजता एखाद्या कार्यकर्त्याला चोर ठरवले जाते आणि सकाळपर्यंत दोनशे लोकांनी ते वाचलेले असते. हा सम्मुखविनयाचा खूनच नव्हे काय? आरोप करणाऱ्यानेही आधी स्वतःला तपासायचे. मी योग्य वेळी बोलतो आहे काय, खरे बोलतो आहे काय, सौम्यपणे बोलतो आहे काय, हिताचे बोलतो आहे काय, मैत्री चित्ताने बोलतो आहे काय?

सातवा मार्ग तर फार सुंदर आहे. ‘तिणवत्थारक’, म्हणजे गवताने झाकणे. भांडण इतके वाढले, की दोन्हीकडून नको ते बोलले गेले, नको ते केले गेले आणि एकेक उकरत बसले तर घाण अधिकच पसरेल, अशा वेळी दोन्ही बाजूंनी एकत्र बसायचे. प्रत्येक बाजूच्या एका जाणत्याने आपल्या सर्वांच्या वतीने दोष कबूल करायचा आणि वर गवत टाकून विषय संपवायचा. मात्र त्यालाही मर्यादा आहे. गंभीर गुन्हे आणि गृहस्थांशी संबंधित दोष असे झाकता येत नाहीत. आजच्या भाषेत आम्ही याचा अर्थ असा घेतो, की शिवीगाळीवर, मानापमानावर गवत टाका. लोकांच्या वर्गणीच्या पैशावर मात्र गवत टाकायचे नाही! तो हिशेब उघडाच हवा.

हे सगळे नियम असूनही संघात भांडणे झाली नाहीत काय? झाली. कोसंबीचे प्रकरण प्रसिद्ध आहे. शौचालयातल्या भांड्यात उरलेल्या पाण्यावरून एक विनयधर आणि एक धम्मकथिक यांचे बिनसले, असे अट्ठकथा सांगते. त्यांचे शिष्य दोन गटांत उभे राहिले आणि संघ फुटला. तथागतांनी समजावले. भिक्खू म्हणाले, भगवान, आपण निवांत राहावे, आमचे भांडण आम्ही पाहून घेऊ. तेव्हा तथागत एकटे निघून गेले आणि पारिलेय्यकच्या वनात राहिले. मग वाद कोणी मिटवला? कोसंबीच्या उपासक-उपासिकांनी! त्यांनी ठरवले, या भिक्खूंना वंदन करायचे नाही, भोजनदान द्यायचे नाही. काही दिवसांतच दोन्ही गट तथागतांकडे श्रावस्तीला गेले आणि वाद मिटला. वर्गणी देणाऱ्या प्रत्येक उपासकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. दोन कमिट्यांना दोन पावत्या फाडून आपणच दोन्ही जिवंत ठेवतो. ‘दोघे एकत्र बसा, मग या’ असे नम्रपणे सांगायला काय हरकत आहे?

कोसंबी सोडून वनाकडे जाताना तथागत वाटेत आणखी एका ठिकाणी थांबले. तिथे अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल असे तीन भिक्खू एकत्र राहत होते. दूध आणि पाणी जसे एकजीव होते तसे. त्यांचा पुढारी कोण, असा प्रश्नच तिथे दिसत नाही. मग काम कसे चाले? भिक्षा मागून जो आधी परत येई तो आसने मांडी, पाणी ठेवी. जो शेवटी येई तो भांडी धुवून जागा झाडी. पाण्याचा घडा रिकामा ज्याला दिसेल तो भरे. एकट्याला उचलेना तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावी. दर पाचव्या रात्री तिघे रात्रभर बसून धम्मचर्चा करीत. त्यांचे सामूहिक नेतृत्व एवढे साधे होते. जो काम पाहील तो करील, आणि ठरलेल्या दिवशी सगळे बसतील. आपल्या विहारात सतरंजी कोण घालतो, झाडू कोण मारतो, खुर्च्या कोण उचलतो हे पाहा आणि स्टेजवर कोण बसतो हे पाहा. ही दोन माणसे वेगवेगळी असतील, तर ती कमिटी आज ना उद्या फुटणारच.

नेतृत्वाचा प्रश्न इथेच येतो. तथागतांनी आपल्यामागे कोणाला वारस नेमले नाही. धम्म आणि विनय हेच शास्ता, असे सांगितले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ही गोष्ट मुद्दाम मांडली आहे. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाबद्दलचे प्रश्न कोणाला विचारले गेले? उपालीला. न्हाव्याच्या कुळातून आलेल्या उपालीला! जाणता कोण, हे कुळावरून ठरले नाही.

आपल्या महामानवांनीही तेच केले. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. तात्यासाहेब फुले सुरुवातीला अध्यक्ष व खजिनदार होते. पण दोनच वर्षांत अध्यक्षपद डॉ. विश्राम रामजी घोले यांच्याकडे गेले. तात्यासाहेबांचे मोठेपण त्यामुळे कमी झाले काय? १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते. बाबासाहेब व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख होते, म्हणजे काम करणाऱ्या जागी होते. महाडच्या डिसेंबर १९२७ च्या परिषदेत तर बाबासाहेबांच्या एका शब्दावर हजारो माणसे तळ्यात उतरली असती. कोर्टाचा मनाई हुकूम आलेला होता. बाबासाहेबांनी एकट्याने निर्णय जाहीर केला नाही. प्रश्न परिषदेपुढे ठेवला. बाजूने भाषणे झाली, विरोधात भाषणे झाली. कलेक्टरलाही मंडपात बोलू दिले. सत्याग्रहींची नावे नोंदवली गेली. शेवटी सत्याग्रह तहकूब करण्याचे ठरले, मिरवणूक शिस्तीने तळ्याला वळसा घालून परत आली. तळ्याचा खटला पुढे १९३७ साली हायकोर्टात जिंकला. मतभेद उघड मांडले गेले आणि निर्णय झाल्यावर तो पाळला गेला, म्हणूनच त्या दिवशी परिषद दुभंगली नाही.

आणि त्यांच्यानंतर? ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन-तीन वर्षांच्या आत ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ असे गट पडले. त्याच पक्षाने दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला. तुरुंग भरले. ताकद होती, त्याग होता. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. १९७४ साली फुटली. १९७७ साली बरखास्त झाली. १९९८ साली ऐक्य झाले तेव्हा महाराष्ट्रातून चार खासदार निवडून आले आणि तेही खुल्या जागांवरून! पण ते ऐक्यही फार टिकले नाही. या साऱ्या घटनांत कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, या वादात आम्हाला शिरायचे नाही. एवढेच म्हणायचे आहे, की मतभेद झाला तर तो कुठे, कसा आणि कोणापुढे मिटवायचा याचा ठरलेला मार्ग नव्हता. घोषणा एकीची होती, यंत्रणा एकीची नव्हती.

हा रोग फक्त आपलाच आहे, असेही समजू नये. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या स्त्रीमुक्तीच्या गटांनी ठरवले, की आपल्यात पदे नकोत, नियम नकोत, सगळ्या समान. जो फ्रीमन या त्यांच्यातल्याच कार्यकर्तीने तेव्हा लिहिले, की नियम लिहिलेले नसले म्हणजे सत्ता नसते असे नव्हे. ती सत्ता फक्त दिसेनाशी होते, मैत्रिणींच्या आतल्या टोळीकडे जाते आणि तिला जाब विचारता येत नाही. आपल्या कमिट्यांना हे तंतोतंत लागू पडते. ‘आपण सगळे भाऊ आहोत, कागदपत्रे कशाला’ असे म्हणणाऱ्याच्याच घरी कपाटाची किल्ली असते! २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या महिला एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली सामाईक कुरणे, पाणी, जंगले सांभाळणाऱ्या गावगटांचा अभ्यास केला. जे गट टिकले त्यांच्यात काय समान होते? ज्यांना नियम पाळायचे होते, त्यांचा नियम बनवण्यात सहभाग होता. चूक झाली तर शिक्षा आधी लहान, मग मोठी अशी चढती होती. आणि वाद मिटवण्याची जागा जवळची, स्वस्त आणि लवकर निकाल देणारी होती.

आपल्याकडे वाद मिटवण्याची जागा कोणती? धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय! विश्वस्त मंडळात बदल झाला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. कमिटी फुटली की दोन्ही गट आपापला चेंज रिपोर्ट दाखल करतात, एकमेकांवर हरकती घेतात, वकील लावतात. वर्षे जातात. तोवर विहाराला कुलूप, नाहीतर बँक खाते गोठलेले. धम्मदानाचा पैसा वकिलाच्या फीमध्ये. त्या विहारात ज्या मुलांनी अभ्यासिकेत बसायचे, ती मुले रस्त्यावर. यात कोणता गट जिंकला?

या सगळ्यात एक गोष्ट कोणी बोलत नाही. वर्षावासात तीन महिने ग्रंथवाचनाला बसतात कोण? बहुतेक महिला. खीरदान कोण करते? महिला. कमिटीच्या बैठकीत किती महिला? एखादी, आणि तीही नाममात्र. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली, अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो महिला जमल्या, ठराव झाले. त्या महिलांच्या नाती आज बँकेत, रेल्वेत, मंत्रालयात नोकरी करतात आणि विहारात त्यांना फक्त पुष्पपूजेला बोलावले जाते. ज्यांना बचत गट चालवता येतो, त्यांना विहार चालवता येणार नाही काय?

तेव्हा टीका पुरे. जुईनगरच्या आणि इतर सर्व ठिकाणच्या कमिट्यांपुढे आम्ही काही साध्या सूचना ठेवतो. सभेची नोटीस आणि विषयपत्रिका आठ दिवस आधी फळ्यावर लावा. प्रत्येक ठराव लिहून मोठ्याने वाचा आणि तीनदा विचारा. जो येऊ शकत नाही त्याने आपले मत चिठ्ठीने पाठवावे. इतिवृत्त त्याच बैठकीत वाचून सह्या घ्या. मत घ्यावेच लागले तर चिठ्ठीने घ्या आणि मोजणारा दोन्ही बाजूंना मान्य असलेलाच नेमा. वर्गणीचा जमाखर्च दर पौर्णिमेला भिंतीवर लावा. कोणीही एका पदावर लागोपाठ दोन मुदतींपेक्षा जास्त राहू नये. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार यांत किमान एक महिला आणि एक पस्तिशीच्या आतला असावा. बैठकीचे संचालन पाळीपाळीने सर्वांकडे द्या. ज्या पोराला आज माईक धरायला लाज वाटते, तोच उद्या सभा चालवील. आणि वाद झालाच तर दोन्ही बाजूंचे दोन-दोन, अशा चार जणांची समिती नेमून तिला महिन्याची मुदत द्या. तोवर मोबाईलवर एक शब्दही नाही!

यातला एकही नियम कठीण नाही, एकालाही पैसा लागत नाही. लागतो तो फक्त खुर्ची सोडण्याचा मोठेपणा. तो आहे की नाही हे तपासायची जागाही तथागतांनी ठरवून दिली आहे. वर्षावास संपतो तेव्हा, आश्विन पौर्णिमेला, भिक्खू संघ पवारणा करतो. सर्वांत ज्येष्ठ भिक्खू सर्वांत आधी उकिडवा बसतो आणि हात जोडून संघाला विनंती करतो, की माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल, तर कृपा करून मला सांगा. मग त्याच्यानंतरचा, मग त्याच्यानंतरचा, असे सगळे. अशोक विजयादशमी झाल्यावर पाच-सहा दिवसांतच ही पौर्णिमा येते. त्या दिवशी आपण वर्षावासाच्या समारोपाचा कार्यक्रम करतो, पाहुण्यांना शाल देतो, फोटो काढतो. येत्या आश्विन पौर्णिमेला शाल बाजूला ठेवा. प्रत्येक कमिटीने एक तास पवारणा करावी. सुरुवात अध्यक्षांनी करावी आणि ज्या वस्तीत दोन कमिट्या आहेत, तिथे दोन्ही कमिट्यांनी एकाच हॉलमध्ये, एकाच सतरंजीवर बसून करावी.

जयभीम!